मुलांना वॉकीटॉकी समजावून सांगायचा आहे, सुरुवात कुठून करू?

अबोली (घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत सुट्टीत दर रविवारी सकाळी मुलांसाठी एकेक विषय घेतो. वय साधारण आठ ते बारा. या वेळचा विषय मुलांनीच निवडलाय, वॉकीटॉकी. गेटवरच्या सुरक्षारक्षक काकांच्या खांद्याला रोज दिसतो, त्यातून खरखर येते, काका काहीतरी बोलतात आणि बेसमेंटमधून उत्तर येतं. मुलांचे प्रश्न आत्तापासूनच सुरू झालेत: यात सिम कुठे असतं? रिचार्ज कोण करतं? दोघं एकदम का बोलत नाहीत?

शोध कोणी लावला ते शोधायला गेले, तर प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव. बहुतेक ठिकाणी गोष्ट दुसऱ्या महायुद्धापासून सुरू होते. माझं मत असं की मुलांसमोर सुरुवात युद्धापासून करू नये. तुम्हाला काय वाटतं? आणि हातात धरून काय काय करून दाखवता येईल? बाजारातले खेळण्यातले सेट घेतले तर चालतात का, की परवाना लागतो?

---

चिऊताई

छान विषय! माझा लेक आणि शेजारचा ओम दोन बाल्कन्यांमधून दिवसभर 'हॅलो हॅलो ओव्हर' करत असतात. वाचतेय.

---

तारयंत्र (नौपाडा)

अबोलीताई, हौशी रेडिओचा (हौसेखातर स्वतःचा रेडिओ चालवून दूरच्यांशी बोलायचा) परवाना माझ्याकडे बरीच वर्षं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

'सिम कुठे असतं' हा प्रश्न सोडू नका, सगळं त्यातच आहे. मोबाइल दुसऱ्या मोबाइलशी थेट बोलत नाही. तो जवळच्या टॉवरशी बोलतो आणि पुढचं काम कंपनीचं जाळं करतं. वॉकीटॉकी मात्र मधल्या कोणाशिवाय थेट दुसऱ्या वॉकीटॉकीशी बोलतो. म्हणून सिम नाही, रिचार्ज नाही आणि टॉवर बंद पडला तरी फरक पडत नाही. वॉकीटॉकीला नंबरही नसतो. त्या चॅनेलवर जे कोणी ऐकत असतील त्या सगळ्यांना ऐकू जातं.

आता आतलं. बटण दाबलं की सेट 'बोलणारा' होतो, सोडलं की 'ऐकणारा'. अँटेना एकच. बटण तो अँटेना एकदा आतल्या प्रक्षेपकाला (लहरी पाठवणाऱ्या भागाला) जोडतं, एकदा ग्राहकाला (लहरी पकडणाऱ्या भागाला). दोन्ही एकदम एकाच लहरीवर चालवले, तर स्वतःच्या प्रक्षेपकाच्या जोरापुढे दूरचा बारीक संदेश ऐकूच येणार नाही. दोघं एकदम बोलत नाहीत ते यामुळे. मोबाइलमध्ये जायची आणि यायची वाट वेगळी ठेवलेली असते, म्हणून तिथे मध्येच तोंड घालता येतं.

माइकमध्ये आवाजाची वीज होते. पण आपल्या बोलण्याची कंपनं सेकंदाला काही शे ते तीनेक हजार. ती जशीच्या तशी अँटेनातून पाठवायची तर अँटेना पंचवीस किलोमीटर किंवा त्याहून लांब लागेल. म्हणून आवाज एका फार वेगवान लहरीवर चढवतात. ४४६ मेगाहर्ट्झचा सेट असेल तर सेकंदाला ४४ कोटी ६० लाख कंपनं! प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला या आकड्याने भागा, एका लहरीची लांबी येते साधारण ६७ सेंटीमीटर. तिचा चौथा भाग १७ सेंटीमीटर. पट्टी घेऊन मुलांना सेटचा अँटेना मोजायला लावा. तो १७ पेक्षा आखूड निघाला तर समजायचं की रबराच्या आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली आहे.

लहरीवर आवाज कसा चढतो हे गाऊन दाखवता येतं. एका मुलाला एकच सूर 'आऽऽ' असा धरायला सांगा. सूर तोच ठेवून आवाज लहान-मोठा केला तर ते एएम. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर किंचित वर-खाली हलवला तर ते एफएम. आजचे बहुतेक साधे वॉकीटॉकी एफएमवर चालतात.

---

फळा_खडू (कळवा)

तारयंत्र काका, उत्तम. पण आठ वर्षांच्या मुलाला भागाकार करून लहरीची लांबी नको. बारा वर्षांच्याला चालेल. शाळेत शिकवते म्हणून सांगते, लहान मुलांना पहिली दहा मिनिटं काहीच सांगू नका, सेट हातात द्या. दोघं एकदम बटण दाबतील, दोघांनाही काही ऐकू येणार नाही आणि भांडतील. मग आपोआप नियम तयार होतो: तू बोल, 'ओव्हर' म्हण, मग मी. हा नियम त्यांचा त्यांनी काढला की पुन्हा सांगावा लागत नाही.

अजून एक. मुलं बटण दाबता दाबताच बोलायला लागतात, त्यामुळे पहिला शब्द कापला जातो. 'अरे इकडे ये'चं पलीकडे 'कडे ये' होतं. बटण दाबून क्षणभर थांबायला शिकवा.

---

वाशीकर_जुना

इतिहासाबद्दल अबोलींना अनुमोदन. गोष्ट युद्धाआधीच सुरू होते आणि मुलांना आवडेल अशीच आहे.

डोनाल्ड हिंग्ज, जन्म १९०७ चा, इंग्लंडमधला, पण लहानपणीच कॅनडात गेला. तिथे एका खाण कंपनीत नोकरीला होता. ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात कंपनीची लहान विमानं आणि भूगर्भतज्ज्ञ हिंडायचे. विमान कुठे अडकलं तर कळवायचं कसं? रस्ता नाही, तार नाही. त्याने १९३७ मध्ये उचलून नेता येईल असा बोलता-ऐकता येणारा रेडिओ बनवला. पुढे युद्ध सुरू झाल्यावर कॅनडाच्या सैन्याने त्याचीच सुधारित रूपं वापरली. कॅनडाने २००१ मध्ये त्याला 'ऑर्डर ऑफ कॅनडा' दिला. २००४ मध्ये तो गेला.

जंगलात माणसं हरवू नयेत म्हणून लागलेला शोध! यापेक्षा चांगली सुरुवात कुठली?

---

इतिहासवेडा

वाशीकर साहेब, अर्धीच गोष्ट सांगितलीत. हिंग्जचा सेट एका हाताच्या मुठीत मावणारा नव्हता. हातात धरायच्या सेटचं श्रेय आल्फ्रेड ग्रॉसला द्यायला हवं.

हा १९१८ चा, टोरांटोत जन्मला आणि अमेरिकेत क्लीव्हलंडला वाढला. नऊ वर्षांचा असताना ईरी सरोवरातल्या आगबोटीवर हिंडत हिंडत रेडिओच्या खोलीत शिरला. तिथल्या ऑपरेटरने हाकलून न देता ऐकायला दिलं. पोरगं तिथेच वेडं झालं. सोळाव्या वर्षी हौशी रेडिओचा परवाना आणि १९३८ मध्ये हातात धरून बोलायचा रेडिओ. त्या काळी शंभर मेगाहर्ट्झच्या वर फारसं कोणी जात नव्हतं, हा गेला, कारण कंपनं जितकी जास्त तितका अँटेना लहान. युद्धात शत्रूच्या मुलखात उतरलेले हेर वर घिरट्या घालणाऱ्या विमानाशी बोलायचे, ती यंत्रणा बनवण्यातही त्याचा हात होता. पेजरही त्याचाच.

मुलांना हाच सांगा. नऊ वर्षांचा मुलगा त्यांना जवळचा वाटेल.

---

वाशीकर_जुना

ग्रॉस मोठा माणूस, वाद नाही. पण माणसाने पाठीवर-खांद्यावर घेऊन चालता चालता बोलायचं, ही कल्पना हिंग्जने आधी प्रत्यक्षात आणली. 'पहिला' म्हणायचं तर मी त्यालाच म्हणणार.

---

इतिहासवेडा

मी नाही म्हणणार. आणि लोकांच्या डोळ्यांपुढे जो वॉकीटॉकी येतो, तो तर या दोघांचाही नाही, गॅल्विन कंपनीचा. हीच पुढे मोटोरोला झाली. त्यांनी अमेरिकन सैन्यासाठी दोन वेगळे सेट बनवले आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिला हातातला, 'हँडी टॉकी', सैन्यातलं नाव एससीआर-५३६. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आत पाच काचेच्या व्हॉल्व्ह (संदेश मोठा करणाऱ्या, तापणाऱ्या नळ्या), एएमवर चालायचा. जमिनीवर पल्ला दीडेक किलोमीटर. त्याला चालू-बंदचं वेगळं बटणच नव्हतं, अँटेना बाहेर ओढला की सेट चालू! व्हॉल्व्हसाठी बॅटऱ्याही दोन प्रकारच्या लागायच्या, तारा तापवायला दीड व्होल्टची आणि बाकी कामाला शंभराहून जास्त व्होल्टची. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर हे सेट होते.

दुसरा एससीआर-३००. हा पाठीवर बांधायचा, वजन पंधरा किलोच्या घरात, एफएमवर चालणारा, पल्ला पाचेक किलोमीटर. सैन्यात 'वॉकीटॉकी' म्हणायचे ते याला. गॅल्विनचे अभियंते डॅन नोबल यांनी एफएमचा आग्रह धरला आणि एफएम मुळात अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँगचं, १९३३ च्या पेटंटचं.

---

चिऊताई

म्हणजे चालत बोलायचा तो पाठीवर आणि हातातला तो हँडी. मुलांना हे सांगितलं की लगेच पाठीवर दप्तर घालून बोलायला लागतील.

---

फळा_खडू

चिऊताई, हा खेळ मी घेणारच. पंधरा किलो म्हणजे चौथीतल्या मुलाच्या वजनाच्या निम्म्याजवळ.

इतिहासवेडा आणि वाशीकर, दोघांनाही विनंती. मुलांना 'शोध अमक्याने लावला' असं एका ओळीत सांगू नका. तीन ठिकाणी तीन माणसं जवळपास एकाच काळात त्याच अडचणीशी झगडत होती, हे खरं आहे आणि तेच सांगावं. परीक्षेला एकच नाव लागतं म्हणून आपण मुलांना एकच नाव पाठ करायला लावतो, मला ते पटत नाही.

---

सागरवेडी

मग जगदीशचंद्र बोस कुठे गेले? १८९५ मध्ये कोलकात्याला त्यांनी तारेशिवाय, मध्ये भिंती असताना घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने रेडिओच्या लहरी दाखवल्या त्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती. बोस यांच्या लहरी मिलिमीटरमध्ये मोजण्याइतक्या आखूड होत्या. आपल्या मुलांना हे नाव कळलंच पाहिजे.

---

तारयंत्र

सागरवेडी, अगदी बरोबर, बोस पहिल्या पाच मिनिटांत हवेत. आणि व्हॉल्व्हनंतर तिचंच काम करणारा चिमुकला ट्रान्झिस्टरही हवा. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत तो झाला आणि शंभर व्होल्टची बॅटरी, तापणारी काच सगळं हळूहळू गेलं. नाहीतर गेटवरच्या काकांना आजही सव्वादोन किलो खांद्यावर वागवावे लागले असते.

---

न्हावाशेवा_यार्ड (उरण)

मी बंदरात कंटेनर यार्डात काम करतो. दिवसभर हातात सेट. पुस्तकातलं मला फार माहीत नाही, कामातलं सांगतो.

क्रेनवाला वर बसलेला असतो, त्याला खालचा कोपरा दिसत नाही. खालून मी सांगतो तसं तो हलवतो. तिथे 'हां हां ठीक आहे' असलं बोलणं चालत नाही. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव किंवा क्रेनचा नंबर, मग आपलं, मग काम. 'क्रेन चार, खाली सावंत, डावीकडे अर्धा फूट.' पलीकडचा तेच वाक्य परत म्हणतो: 'डावीकडे अर्धा फूट.' परत म्हटलं नाही तर मी हात वर करून थांबवतो. मुलांचा खेळ घ्या: एकाच्या डोळ्यांवर पट्टी, दुसरा लांबून सेटवर सांगणार, खुर्च्यांमधून वाट काढायची. कोण नीट सांगतं आणि कोण घाई करतं, लगेच कळतं.

आमच्याकडे बोटींशी बोलायचे सेट वेगळे असतात. समुद्रात चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटात मदत मागायला आणि पहिली हाक मारायला. तिथे गप्पा मारायच्या नाहीत, हे जगभर आहे.

---

रबाळे_केमिकल

न्हावाशेवा भाऊंना जोडून. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायनांच्या कारखान्यांत, जिथे पेटणारी वाफ असू शकते तिथे, साधा सेट नेता येत नाही. तिथे खास सेट लागतात. त्यांच्या आत ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवलेली असते की बिघाड झाला तरी वाफ पेटेल अशी ठिणगी पडत नाही. अशा जागी बॅटरी काढायलाही मनाई असते, बदलायची तर बाहेर येऊन. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिला धडा हाच.

---

पायवाट

आम्ही सह्याद्रीत ग्रुप घेऊन जातो तेव्हा एक सेट पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे. खोक्यावर लिहिलेलं '५ किलोमीटर' विसरा. मोकळ्या पठारावर मिळेलही, पण मध्ये एक धार आली की पाचशे मीटरवरही खरखर. या लहरी जवळपास सरळ जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. येऊरला पाहा, डोंगराच्या एका अंगाला दोघं असतील तर छान, एक जण पलीकडे गेला की संपलं.

---

गृहिणी_मानपाडा

मग ठाण्यात इमारतींच्या जंगलात चालणार कसे? आमच्याकडे पोडियमवरून तिसऱ्या बेसमेंटला लागत नाही, रक्षक जिन्यापर्यंत येऊन बोलतो.

---

तारयंत्र

स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या आणि वरची माती मिळून बऱ्याच लहरी खातात. म्हणून मोठ्या संकुलांत रिपीटर बसवतात. तो एका लहरीवर ऐकतो आणि तेच दुसऱ्या लहरीवर जोरात परत पाठवतो. डोंगरमाथ्यावरही असे रिपीटर असतात, त्यामुळे हातातला सेट कितीतरी लांब पोचतो.

उंचीचा हिशेब मोठ्या मुलांना आवडेल. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आत. नव्वद मीटर उंच गच्चीवरून तेच चौतीसेक किलोमीटर. रेडिओच्या लहरी हवेत किंचित वाकतात म्हणून त्याहून थोड्या पुढे पोचतात. पण मुलांना गच्चीवर नेऊ नका, पोडियम पुरे.

प्रयोग सोपा हवा असेल तर एक सेट लिफ्टमध्ये द्या, सोबत मोठं माणूस हवं. दार उघडं असताना बोलत राहायचं. दार मिटलं की आवाज खरखरतो किंवा साफ जातो. चारही बाजूंनी धातू, लहरी आत जायला वाटच नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सेट ठेवूनही करून बघा.

---

पायवाट

काका, माझा एक प्रश्न. तीन सेट असतील आणि दोघं एकदम बोलले तर तिसऱ्याला दोघांचं मिसळून का नाही ऐकू येत? आम्हाला नेहमी जवळच्याचंच येतं.

---

तारयंत्र

एफएमचा गुण आहे हा, जोरकस संदेश दुसऱ्याला दाबून टाकतो. विमानांचं बोलणं म्हणूनच अजून एएमवर आहे. दोन वैमानिक एकदम बोलले तर कर्कश शीळ येते आणि नियंत्रकाला कळतं की आणखी कोणीतरी बोलत होतं. एफएम असतं तर दुसरा बोलला हेच कळलं नसतं. तीन सेट मिळाले तर हा प्रयोग नक्की घ्या.

---

वाशीकर_जुना

विषयाला सोडून आहे, पण २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. फोन लागत नव्हते, माणसं कुठे आहेत कळत नव्हतं. टॉवरवर न विसंबणारं काहीतरी असणं किती मोलाचं आहे ते त्या रात्री समजलं.

---

सागरवेडी

अंदमानचंही सांगायला हवं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. त्सुनामी आली, बेटांचा संपर्क तुटला आणि त्यांच्या रेडिओवरून निरोप जाऊ लागले. कोण सुखरूप आहे हे मुख्य भूमीवरच्या घरच्यांना कळलं. आमच्या मुलींना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

---

चिऊताई

अंगावर काटा आला. माझ्या लेकाला हा परवाना काढता येईल का?

---

तारयंत्र

बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि बरेचसे नियम. अभ्यासाला मी मदत करेन, नौपाड्यात कधीही या.

---

नियमवाला (बेलापूर)

अबोलींचा परवान्याचा प्रश्न राहूनच गेला, तो महत्त्वाचा आहे.

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. पण त्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता हवी, तिला ईटीए म्हणतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, कुठल्याही लहरीवर लावता येणारे पाच वॉटचे सेट मुलांसाठी घेऊ नका. तुम्ही नकळत पोलिसांच्या किंवा रेल्वेच्या पट्ट्यात बोलू शकता. अशा विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन दुकानांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खरेदीआधी लहरी आणि ईटीए दोन्ही पाहा, लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

---

गृहिणी_मानपाडा

आणि खोक्यावर 'प्रायव्हसी कोड' लिहिलेलं असतं, ते खरं का? मुलं त्यावर घरचं काहीही बोलतात.

---

तारयंत्र

खरं नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगाच. तो कोड म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा खालच्या पट्टीतला एक हलका सूर. तुमचा सेट तो सूर आला तरच स्पीकर उघडतो. म्हणजे तुम्हाला इतरांचा त्रास होत नाही, एवढंच. ज्याने कोड लावलेलाच नाही त्याला तुमचं सगळं ऐकू जातं. फ्लॅट नंबर, घरात कोण नाही, किल्ली कुठे ठेवली, यातलं काहीही वॉकीटॉकीवर बोलायचं नाही.

---

फळा_खडू

हा मुद्दा मी फळ्यावर सगळ्यात वर लिहीन. घरी एखादा बंद पडलेला खेळण्यातला सेट असेल तर बॅटरी काढून तोही उघडून दाखवा. पुष्कळशा स्वस्त खेळण्यांत माइक वेगळा नसतोच, स्पीकरच माइकचं काम करतो. बटण दाबलं की त्याच पडद्यावर आपण बोलतो. मुलं तो पडदा बोटाने हलवून बघतात आणि तिथून हलत नाहीत.

---

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: आधी सेट हातात आणि दहा मिनिटं गोंधळ, मग आगबोटीवरचा नऊ वर्षांचा आल्फ्रेड, जंगलातला हिंग्ज आणि कोलकात्याचे बोस. युद्धाचं हातातल्या आणि पाठीवरच्या सेटपुरतंच. नंतर लिफ्ट, स्टीलचा डबा आणि न्हावाशेवा भाऊंचा डोळ्यांवर पट्टीचा खेळ. ४४६ चे दोन सेट मिळालेत, ईटीए पाहून घेतलेत. तिसरा कोणाकडे आहे का? दोघं एकदम बोलले तर काय होतं ते दाखवायचंय.

---

पायवाट

माझ्याकडे ४४६ चेच दोन आहेत, दोन्ही घेऊन येतो. शनिवारी रात्री चार्ज करून ठेवतो. चॅनेल सहा धरू आणि सगळ्या सेटचे कोड बंद ठेवा, नाहीतर एकमेकांना ऐकू येणार नाही.

---

न्हावाशेवा_यार्ड

रविवारी माझी सुट्टी आहे, उरणहून येतो. खुर्च्या मांडून ठेवा, पट्टीसाठी दोन ओढण्या लागतील. मुलांना सेट तोंडापासून चार बोटं लांब आणि अँटेना उभा धरायला सांगा.